स्वस्तातली वाईन, झाकलेलं लेबल आणि वाचकांची भांडणं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की हजार रुपयांच्या आतल्या वाईनला मार्क द्यायचे असतील तर आधी लेबल झाका आणि किंमत विसरा. त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यातच गेलं. एका काकांनी 'वाईन म्हणजे चांगल्या द्राक्षांची नासाडी' एवढंच लिहून पाठवलंय, त्यांना नमस्कार. बाकीच्यांना जमेल तशी उत्तरं देते.

प्रश्न : ताई, आम्ही ऑफिसमधले सहा जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, प्रत्येकी पाचशे काढून चार बाटल्या आणतो आणि दहापैकी मार्क देतो. पण ज्याने बाटली निवडली तो आपल्याच बाटलीला नऊ देतो, आणि शेवटी सगळ्यात महागडी पहिली येते. हे टेस्टिंग आहे की निवडणूक? (कोथरूड, पुणे)

निवडणुकीत निदान मतदान गुप्त असतं हो, तुमच्याकडे तेही नाही!

पेपर गुंडाळून रबरबँड लावणं सगळेच करतात पण त्यात माहिती फुटते. कुणाचं झाकण फिरकीचं, कुणाचा कॉर्क, एका बाटलीचे खांदे चौकोनी तर दुसरीचे उतरते, एखादी उगाच जड, आणि ज्याने दुकानातून हातात धरून आणली त्याला पेपरातूनही ओळखू येते. त्यामुळे त्या दिवशी जो सगळ्यांना गाडीने घरी सोडणार आहे आणि पिणार नाहीये त्याला कामाला लावा, त्याने आत किचनमध्ये बाटल्या उघडायच्या, एकसारख्या पाण्याच्या जगमध्ये ओतायच्या, जगवर चिकटपट्टीने नंबर लावायचे आणि यादी खिशात ठेवायची. एका वेळी प्रत्येकाला साधारण 50 मिली पुरे, 750 मिलीच्या बाटलीत तसे 15 भाग होतात, म्हणजे सहा जणांना दुसऱ्या फेरीलाही पुरतं. ग्लास पातळ काचेचे, वर थोडे निमुळते आणि सगळ्यांचे सारखे हवेत, स्टीलचे नकोत.

आता खरी गंमत. त्या यादीवाल्याला सांगा की जग पाच ठेवायचे, वाईन चारच, म्हणजे एक वाईन दोन नंबरांखाली येणार, आणि कुठली ते कुणाला सांगायचं नाही. शेवटी कागद उघडा आणि बघा की एकाच वाईनला तुम्ही स्वतः दोन वेळा किती मार्क दिलेत. एकीला आठ आणि तिच्याच जुळीला पाच दिले असतील तर त्या रात्री तुमच्या मार्कांमधला तीनचा फरक हा फरकच नाही, आणि मग 'माझी सात, तुझी साडेसहा' या भांडणाला काही अर्थ उरत नाही.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे एक निवृत्त प्राध्यापक, त्यांची स्वतःची छोटी वायनरी होती, आणि त्यांना हा प्रश्न छळायचा की आपल्या एकाच वाईनला एका स्पर्धेत गोल्ड मेडल आणि दुसरीकडे काहीच नाही असं कसं होतं. त्यांनी 2005 पासून कॅलिफोर्निया स्टेट फेअर या तिथल्या राज्याच्या जत्रेतल्या वाईन स्पर्धेत परीक्षकांना इतर वाईन्सच्या गर्दीत एकाच बाटलीतली वाईन तीनदा द्यायला लावली, वेगवेगळ्या नंबरांखाली. 2008 मध्ये निष्कर्ष छापून आले. साधारण दहा टक्के परीक्षकच तिन्ही वेळेला एकाच मेडलच्या टप्प्यात मार्क देऊ शकले, बाकीच्यांचे मार्क शंभरच्या पट्टीवर चारेक वर-खाली होत होते आणि काहींचे त्याहूनही बरेच जास्त. हे सगळे वाईन व्यवसायातले कसलेले लोक बरं का. मग आपण तर शनिवारी जमलेली मंडळी.

म्हणून माझं म्हणणं असं की दशांशात जाऊ नका. शंभरच्या पट्टीच्या तर वाटेलाच जाऊ नका, रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन समीक्षकाने 1978 पासून ती लोकप्रिय केली आणि ती सुरूच पन्नासपासून होते, म्हणजे कोऱ्या पेपरलाही पन्नास. मी वीसपैकी देते, त्यात वासाला सहा, चवीला आठ, घोट गिळल्यावर तोंडात काय आणि किती वेळ राहतं त्याला चार, रंगाला दोन. आणि शेवटी एकच प्रश्न, स्वतःच्या पैशाने परत घेईन का, हो किंवा नाही. हा कॉलम मार्कांपेक्षा जास्त कामाचा निघतो. किंमत मार्क देऊन झाल्यावर लिहायची, आधी नाही.

अजून थोडं. एका बैठकीत एकाच जातीच्या द्राक्षाची वाईन ठेवा, चारही शेनिन ब्लांक (ही व्हाईट) किंवा चारही शिराझ (ही रेड), एक गोड गुलाबी रोझे आणि एक कडक रेड कॅबर्ने शेजारी ठेवून काही कळत नाही. लिहून होईपर्यंत बोलायचं नाही, कारण एकाने 'अहाहा चॉकलेट' म्हटलं की बाकी पाच जणांना चॉकलेट यायला लागतं. अगरबत्ती, परफ्यूम, मोगऱ्याचा गजरा नको, आणि किचनमध्ये लसणाची फोडणी पडायच्या आधी टेस्टिंग उरकून घ्या. चकणा नंतर. चिवडा-शेव-खारे दाणे आधीच पोटात गेले की मिठामुळे आंबट आणि तुरट वाईनसुद्धा मऊ लागते, चीजने तर अजूनच, त्यामुळे टेस्टिंगच्या वेळी साधा पाव आणि पाणी. थुंकायला भांडं ठेवा, लाजू नका, जगभरातले परीक्षक थुंकतातच. आमच्याकडे आजोबांची पितळेची पिकदाणी माळ्यावरून काढून या कामाला लावलीय आणि पाहुण्यांना वाईनपेक्षा तिचंच कौतुक जास्त असतं.

प्रश्न : लेबलवर लिहिलेलं असतं लिची, पॅशन फ्रूट, गूजबेरी. मला फक्त वाईनचा वास येतो. माझं नाक खराब आहे का? नवरा म्हणतो हे सगळं नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं काम. (इचलकरंजी)

नाक ठीक आहे, लेबल आपल्यासाठी लिहिलेलं नाहीये. गूजबेरी आपण कधी बाजारातून आणून खाल्लीय? जे नाकाला माहीतच नाही ते ते शोधणार कुठून. आपल्या किचनमधलं शोधा.

सॉव्हिन्यों ब्लांक या व्हाईट वाईनचा ग्लास गोल फिरवून नाक आत घाला आणि हिरवी ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तो वास येतोय का बघा. यात कविता काही नाही, ढोबळीत जे पायराझीन नावाचं रसायन असतं तेच या द्राक्षातही असतं. दुसऱ्या एखाद्या बाटलीत पिकलेला पेरू येईल. शेनिनमध्येही पेरू, पेअर, कधी जरा मध. शिराझमध्ये काळी मिरी येते, आणि तीही उपमा नाही, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं की रोटंडोन नावाचं एकच संयुग मिरीतही असतं आणि शिराझमध्येही. पण त्याच संशोधनात असंही दिसलं की दर पाच जणांमधल्या साधारण एकाला हा वास येतच नाही, मग मिरी कितीही असो. म्हणजे तुमचा नवरा 'मिरी-बिरी काही नाही' म्हणत असेल तर कदाचित त्याच्यापुरतं ते अगदी खरं असेल! अशा वेळी दोघांच्या वहीत वेगवेगळे मार्क पडणार आणि दोघंही बरोबर.

पुढच्या वेळी सराव म्हणून वाटीत चिरलेली ढोबळी, दुसरीत ठेचलेली मिरी, तिसरीत पेरूची फोड असं मांडा, आधी वाट्या हुंगा मग ग्लास. आणि शक्यतो रंग न बघता. फ्रान्समध्ये बोर्दोला फ्रेडरिक ब्रोशे या संशोधकाने 54 विद्यार्थ्यांना व्हाईट वाईनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून दिली तेव्हा पोरांनी तिच्यात रेड वाईनचे वास शोधून लिहून दिले, आणि ही पोरं वाईनचंच शिक्षण घेत होती. तेव्हा नाकाआधी डोळे मार्क देऊन मोकळे होतात. घरात गडद निळे किंवा काळे काचेचे ग्लास असतील तर वापरून बघा, भारी करमणूक होते.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांचा आहे, हॉटेल मॅनेजमेंट करतोय. टेस्टिंगची सुरुवात कुठल्या वाईनने करू? (नाशिक)

कुठल्याच नाही. महाराष्ट्रात वाईनसाठी एकवीस पूर्ण लागतात. तोवर चहाने कर, गंमत करत नाहीये. कोरा चहा दोन मिनिटं ठेवलेला एक कप आणि दहा मिनिटं ठेवलेला दुसरा, बिनसाखरेचे, गार करून. दुसऱ्यात हिरड्या आणि गाल आतून ओढल्यासारखे वाटतात तो तुरटपणा, रेड वाईनमधले टॅनिन हेच करतात, लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतात. मग लिंबूपाणी तीन ग्लास, कमी-मध्यम-जास्त आंबट, त्यातल्या मधल्यात एक चमचा साखर, आणि बघ साखरेने आंबटपणा किती लपतो. स्वस्त वाईनमध्ये कच्चा आंबटपणा साखरेखाली झाकलेला असतो तो तुला एकविसाव्या वर्षी पहिल्या घोटात पकडता येईल. मित्राला कप अदलाबदल करायला सांगून डोळे मिटून ओळख. आणि तू नाशिकचा आहेस तर जानेवारी ते मार्च द्राक्षं तोडली जातात तेव्हा कॉलेजतर्फे एखाद्या वायनरीत काम बघायला जा, टाकीजवळचा आंबूस वास नाकात बसला की पुढे कामी येईल.

प्रश्न : इकडे न्यू जर्सीत मी दहा डॉलरच्या खालच्याच बाटल्या घेतो आणि मेडलचा स्टिकर बघून घेतो. हे बरोबर आहे ना?

बरोबर-चूक नंतर, आधी तुमच्याच देशातली एक गोष्ट. ट्रेडर जो'ज या दुकानांमध्ये चार्ल्स शॉ नावाची वाईन 2002 पासून मिळायला लागली, कॅलिफोर्नियात तेव्हा किंमत 1.99 डॉलर होती, म्हणून लोक तिला टू बक चक म्हणायला लागले (बक म्हणजे डॉलर, चक म्हणजे चार्ल्स). 2007 मध्ये तिची 2005 सालची शार्डने ही व्हाईट वाईन कॅलिफोर्निया स्टेट फेअरमध्ये राज्यातली सर्वोत्तम शार्डने ठरली, आणि वर लेबल झाकून. झालं, अर्धे लोक म्हणाले बघा महागडी वाईन म्हणजे लूट, बाकीचे अर्धे म्हणाले परीक्षकांना काही कळत नाही. आता वर कोथरूडच्या उत्तरात हॉजसन सरांचा प्रयोग सांगितलाय, तो याच स्टेट फेअरचा, हे ध्यानात घ्या म्हणजे त्या मेडलकडे किती गांभीर्याने बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवाल.

मेडल बघून घेतलीत तर दोन गोष्टी तपासा, मेडल कुठल्या सालच्या वाईनला मिळालं आणि तुमच्या हातात कुठल्या सालची बाटली आहे. स्टिकर एका वर्षीचा असतो, द्राक्षं दुसऱ्या. आणि ब्राँझवर जाऊ नका, बऱ्याच स्पर्धांमध्ये ते इतक्या जणांना मिळतं की न मिळालेली बाटली शोधणं अवघड.

प्रश्न : रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात. आमच्या रूमचं टेंपरेचर मे महिन्यात 38 असतं. (नागपूर)

हे रूम म्हणजे युरोपातली जुनी, जाड भिंतींची थंड खोली, नागपूरची नव्हे! रेड 16 ते 18 डिग्रीला हवी. तुमच्याकडे दोनेक तास फ्रिजमध्ये ठेवा, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घालून दहा-बारा मिनिटं, नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलं की लवकर गार होते. गरम रेडमध्ये अल्कोहोल नाकात चढतो आणि बिचाऱ्या बऱ्या वाईनलाही कमी मार्क पडतात.

व्हाईटचं उलट होतं. फ्रिजमधून थेट ओतलेली व्हाईट चार-पाच डिग्रीला असते, त्या थंडीत वासही दबतो आणि गोडवाही, त्यामुळे काहीही बरं लागतं. आठ-दहा डिग्रीला एकदा मार्क द्या आणि ग्लास तसाच ठेवून वीस मिनिटांनी परत घोट घ्या. सुमार वाईन इथे उघडी पडते, चिकट गोड लागायला लागते किंवा सगळं जाऊन नुसता आंबटपणा राहतो. मी दोन्ही मार्क लिहिते. आणि तुमच्याकडच्या उन्हात बाटली दुकानाच्या काचेतली घेऊ नका, आतल्या एसीतली मागा, भाजलेल्या वाईनला शिजवलेल्या फळाचा वास येतो आणि कधी कधी कॉर्क वर सरकलेला दिसतो.

प्रश्न : बाराशेत इम्पोर्टेड मिळत असताना आठशेची नाशिकची का घ्यावी? (ठाणे)

कारण त्या बाराशेत वाईन किती रुपयांची आहे याचा हिशोब करा. आयात वाईनवर एकूण कस्टम ड्युटी वर्षानुवर्षं 150 टक्के राहिलीय, म्हणजे बंदरावर दोनशे रुपयांना उतरलेली बाटली नुसत्या त्या ड्युटीने पाचशेची होते, मग राज्याचे कर, आयातदार, दुकानदार, सगळ्यांचे हात लागून बाराशे. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार डिसेंबर 2022 पासून लागू झाला आणि तिकडच्या वाईनवरची ड्युटी कमी झाली, पण ती बंदरावरच पाच डॉलरच्या वर असलेल्या बाटलीला, आपल्या बजेटमधल्या स्वस्त बाटलीला तो फायदा नाहीच. तुमच्या बाराशेच्या बाटलीत बरेचदा तिकडच्या सुपरमार्केटमधली सगळ्यात खालच्या फळीवरची वाईन असते. आठशेच्या नाशिकच्या बाटलीत समुद्राचा प्रवास आणि कस्टम नाही.

याचा अर्थ देशी सगळी छान असं नाही हं. माझ्या वहीत नाशिकच्या व्हाईट, खास करून शेनिन आणि सॉव्हिन्यों, या किमतीत रेडपेक्षा सरळ सरळ पुढे आहेत, स्वस्त रेडमध्ये कधी जळकट तर कधी हिरवट कच्चा वास येतो. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला इटालियन सांजोवेझे द्राक्ष लावलंय, ती रेड मात्र लेबल झाकून एकदा घेऊन बघा. व्हाईट घेताना साल बघा, जितकं अलीकडचं तितकं बरं, ती ठेवून पिकवायची वाईन नाही. आपल्याकडची तोडणी वर्षाच्या सुरुवातीला असते आणि फ्रान्समधली सप्टेंबर-ऑक्टोबरला, त्यामुळे तेच साल लिहिलेली आपली बाटली सात-आठ महिन्यांनी मोठी असते हेही लक्षात असू द्या.

आणि महाग म्हणजे चांगली हा हिशोब तर सोडाच. अमेरिकेत सहा हजारांहून जास्त वेळा लेबल झाकून दिलेल्या मार्कांचा अभ्यास 2008 मध्ये झाला, त्यात सामान्य पिणाऱ्यांना महागडी वाईन उलट किंचित कमीच आवडली. ज्यांनी वाईनचं शिक्षण घेतलंय त्यांना थोडी जास्त. म्हणजे शिकून खर्चच वाढतो.

प्रश्न : गोव्याहून येताना मी दरवेळी पोर्ट वाईन आणते, दोन-तीनशेत मिळते, मला आवडते. मैत्रिणी हसतात. तिला किती मार्क द्याल? (सावंतवाडी)

हसू द्या. फक्त ती पोर्तुगालची पोर्ट नाही एवढं माहीत असू द्या. तिकडे दोरू नदीच्या खोऱ्यातली द्राक्षं आंबत असताना मध्येच द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्याने यीस्ट मरतं, साखर न आंबता राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातो. गोव्यात वाईनच्या द्राक्षांचे मळे नाहीत, द्राक्षं किंवा रस बाहेरून येतो आणि स्वस्त बाटलीतला गोडवा बहुतेक वरून घातलेल्या साखरेचा. कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, शिराझच्या रांगेत ठेवलीत तर बिचारी नापासच होणार, आणि तसं ठेवणं हा अन्याय आहे. गोड वाईनच्या रांगेत ठेवा, गार करा, बेबिंकाबरोबर किंवा लिंबू-सोडा घालून प्या आणि मग मार्क द्या. मी एका बाटलीला वीसपैकी अकरा दिलेत, 'परत घेईन का' समोर 'हो' आहे. मैत्रिणींना पुढच्या वेळी निळ्या ग्लासात द्या आणि नाव नंतर सांगा.

प्रश्न : व्हाईट वाईनच्या तळाशी काचेसारखे बारीक खडे निघाले. दुकानदार परत घेत नाही. तक्रार कुठे करू? (डोंबिवली)

दुकानदाराला त्रास देऊ नका, ते टार्टारिक ॲसिडचे क्षार आहेत, द्राक्षातलेच, बाटली थंडीत राहिली की तळाशी किंवा कॉर्कला बसतात. बेकिंगमधलं क्रीम ऑफ टार्टर म्हणजे हेच. तळाचा घोटभर भाग सोडून प्या, मार्क कापू नका. परत द्यायची ती वाईन जिला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या गोणपाटाचा वास येतो, तो कॉर्कमधल्या दोषाचा. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा येत असेल तीही. काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास आला तर मात्र घाई नको, दहा मिनिटं ग्लासात फिरवत राहा, बरेचदा उडून जातो.

प्रश्न : आम्ही दोघंच, बाटली एका रात्रीत संपत नाही. उरलेली किती दिवस चालते? (मिरज)

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा फ्रिजमध्येच, दोन ते तीन दिवस. अर्धी बाटली रिकामी म्हणजे आत तेवढी हवा, म्हणून उघडल्या उघडल्याच उरणारी वाईन काठोकाठ छोट्या स्वच्छ बाटलीत भरून ठेवलीत तर एखादा दिवस जास्त जाते. दुकानात 375 मिलीची हाफ बॉटल मिळाली तर ती घ्या, दोघांना तीच सोयीची. दुसऱ्या दिवशी परत वीसपैकी मार्क द्या आणि पहिल्या दिवसाच्या शेजारी लिहा, काही तुरट रेड दुसऱ्या दिवशी मऊ होऊन दोन मार्कांनी वर जातात आणि स्वस्त व्हाईट बहुतेक खाली येतात. चौथ्या दिवशी रेड उरली असेल तर मटण परतताना घाला, कपभर, आणि झाकण न ठेवता आटू द्या.